विकत घेतलेले यंत्र कोणाच्या मालकीचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज 10 या आपल्या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. तिच्या जागी आलेल्या विंडोज 11 साठी कंपनीने ठरावीक नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 हा सुरक्षा-घटक यांची अट घातली आहे. ज्या संगणकांत या गोष्टी नाहीत ते काही बिघडलेले नाहीत. त्यांची कळपाटी चालते, मॉनिटर चालतो, पत्रके छापली जातात, सभासदांच्या याद्या ठेवल्या जातात. तथापि बाजाराच्या हिशेबी ते निकालात निघाले. सार्वजनिक वाचनालये, कामगार संघटनांची कार्यालये, अनुदानावर चालणाऱ्या शाळा यांच्याकडील संगणक बहुधा याच वर्गात मोडतात. अशा यंत्रांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवावी असा विचार अनेक ठिकाणी होऊ लागला आहे, आणि तो सर्वस्वी योग्य आहे.

परंतु पुष्कळदा असे घडते की, प्रणाली बसवून होते, संगणक पुन्हा सुरू केला जातो, आणि पडदा काळा तो काळाच राहतो. पंख्याचा आवाज येतो, दिवा लुकलुकतो, आत काम चालू असते. दिसत मात्र काही नाही. उत्साहाने पुढे आलेला कार्यकर्ता खजील होतो आणि जमलेली मंडळी म्हणतात, ‘फुकटचे ते फुकटचेच!’

या काळ्या पडद्याचे कारण बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये असते. वरवर पाहता हा मेकॅनिकच्या अखत्यारीतला विषय वाटेल. परंतु उत्पादनसाधनांच्या मालकीचा जो प्रश्न समाजवादी चळवळ शंभर वर्षे मांडत आली, तोच येथे एका तळहाताएवढ्या पाटीवर उभा आहे. म्हणून त्याचा थोडा खोलात जाऊन विचार केला पाहिजे.

ग्राफिक्स कार्ड हे पडद्यावरील चित्र रेखाटणारे यंत्र होय. त्याच्या आत अनेक खण असतात. कोणत्या खणात कोणता आकडा टाकला म्हणजे पडदा उजळतो, कोणता टाकला म्हणजे वेग वाढतो, हे ते कार्ड घडवणाऱ्यालाच ठाऊक असते. प्रणालीला ही भाषा येत नाही. म्हणून दोघांमध्ये एक दुभाष्या लागतो. या दुभाष्याचे नाव ड्रायव्हर. दुभाष्या नसेल तर कार्ड कितीही भारी असो, ते मुके राहते. यावरून एक गोष्ट उघड होते: ज्याच्या हाती दुभाष्या, त्याच्या हाती यंत्र. ग्राहकाने पैसे मोजून धातू आणि सिलिकॉन विकत घेतले, परंतु त्याच्याशी बोलण्याची विद्या कंपनीने स्वतःकडेच ठेवली, तर त्या खरेदीला मालकी म्हणावे की भाडेपट्टा?

हा प्रश्न नवा नाही. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर छपाईयंत्र आला होता. त्यात कागद वारंवार अडके. आधीच्या यंत्राच्या बाबतीत रिचर्ड स्टॉलमन या तेथील प्रोग्रामरने अडचण आल्याबरोबर सर्वांना कळेल अशी व्यवस्था ड्रायव्हरमध्येच करून टाकली होती. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र मिळेना. ती दुसऱ्या विद्यापीठातील एका प्राध्यापकाकडे आहे असे कळल्यावर स्टॉलमन त्याच्याकडे गेले. परंतु कोणालाही न देण्याचा करार आपण कंपनीशी केला आहे, असे सांगून त्याने नकार दिला. एका अध्यापकाने दुसऱ्या संशोधकाला ज्ञान नाकारावे आणि तेही कराराने बांधले गेल्यामुळे, ही गोष्ट स्टॉलमन यांच्या जिव्हारी लागली. सप्टेंबर 1983 मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्ससारखी, परंतु कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली घडवण्याचा तो संकल्प होता. 1991 साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला लागणारा गाभा, म्हणजे लिनक्स कर्नल, लिहावयास घेतला. जगभरच्या या मुक्त प्रणालीचा उगम ड्रायव्हरच्या भांडणात आहे, हे ध्यानात ठेवावे.

पुढे वैयक्तिक संगणकावर चित्रमय पडदा आणण्याचे काम एक्सफ्री86 या प्रकल्पाने केले. त्या काळी संगणकाला मॉनिटर जोडणे म्हणजे एक अनुष्ठानच होते. एका लांबलचक फाइलमध्ये कार्डाचे नाव, ड्रायव्हरचे नाव, मॉनिटरची आडवी व उभी वारंवारता स्वतः लिहावी लागे. आणि आकडे चुकले तर जुन्या काचेच्या मॉनिटरला इजा पोहोचू शकते, असा इशारा खुद्द त्या प्रकल्पाच्या कागदपत्रांतच दिलेला असे. 2004 साली एक्सफ्री86 ने आपल्या परवान्यात बदल केला तेव्हा बहुसंख्य वितरणांनी त्याची साथ सोडली आणि काम एक्स.ऑर्ग या नावाने पुढे चालू ठेवले. मूळ आज्ञावली खुली असल्यामुळेच हे शक्य झाले. 2009 च्या मार्चमध्ये आलेल्या कर्नलपासून पडद्याची मांडणी ठरवण्याचे काम हळूहळू कर्नलने स्वतःकडे घेतले. त्यामुळे आज बहुसंख्य संगणकांवर ती लांबलचक फाइल लिहावीच लागत नाही. हे सारे हजारो हातांच्या सामुदायिक श्रमाचे फळ आहे.

मग काळा पडदा अजून का दिसतो? याचे उत्तर कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांच्या धोरणांत शोधले पाहिजे.

इंटेलने 2006 साली आपल्या चित्रयंत्रणेचा ड्रायव्हर खुला केला. तथापि 2008 मध्ये त्याच कंपनीने बाहेरून घेतलेल्या रचनेवर आधारित जीएमए 500 हा भाग विकला, त्याला खुला ड्रायव्हर नव्हता, आणि स्वस्त छोटे संगणक घेणारे असंख्य लोक अडकले. म्हणजे एखाद्या कंपनीचा चांगुलपणा हा हमीचा कागद ठरत नाही. एएमडीने 2006 साली एटीआय ही कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर 2007 मध्ये कार्डांची तांत्रिक माहिती प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले. त्याचा परिणाम असा की, 2002 साली आलेल्या रेडिऑन 9700 च्या पिढीसाठीचा ड्रायव्हर मेसा या मुक्त संग्रहात आजही आहे. कंपनीने त्या कार्डावरून केव्हाच लक्ष काढून घेतले, पण ज्ञान सार्वजनिक झाले असल्याने कार्ड अनाथ झाले नाही.

एनव्हिडियाने दुसरा मार्ग पत्करला. तिने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, तो वेगवानही होता, पण बंद पेटीसारखा. आत काय आहे हे पाहण्याची मुभा नाही. अशी बंद पेटी कर्नलमध्ये शिरली की कर्नल स्वतःवर ‘कलंकित’ अशी खूण करून घेतो, आणि त्यानंतर उद्भवलेल्या दोषांची जबाबदारी घेण्यास कर्नलचे कारागीर सहसा तयार नसतात. जे दिसतच नाही ते दुरुस्त कसे करावयाचे? जून 2012 मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील सभेत टॉरवाल्ड्स यांनी या कंपनीवर असभ्य म्हणता येईल अशा शब्दांत संताप व्यक्त केला. ते शब्द गाजले. परंतु त्याहून महत्त्वाचे काम निमूटपणे चालले होते.

ते काम म्हणजे नूवो हा ड्रायव्हर. फ्रेंच भाषेत नूवो म्हणजे नवा. कंपनी माहिती देत नाही, तर तिचा ड्रायव्हर कार्डाच्या कोणत्या खणात कोणता आकडा लिहितो हे बाहेरून न्याहाळावे आणि त्यावरून भाषा उकलावी, असा त्याचा मार्ग होता. शिलालेखाची अपरिचित लिपी वाचणाऱ्या संशोधकाच्या चिकाटीचेच हे काम. जगभरच्या सामान्य वापरकर्त्यांनी आपापल्या कार्डांवरील नोंदी गोळा करून पाठवल्या. ज्यांना आज्ञावलीची एक ओळही लिहिता येत नव्हती अशांचाही त्यात हात लागला. 2010 च्या फेब्रुवारीत आलेल्या कर्नलमध्ये नूवोला जागा मिळाली.

आणि येथेच कंपनीने दाराला नवे कुलूप लावले. सप्टेंबर 2014 मध्ये जीटीएक्स 970 आणि 980 ही कार्डे बाजारात आली. कार्डाच्या आत चालणाऱ्या फर्मवेअरवर कंपनीची गुप्त सही नसेल तर कार्ड ते स्वीकारणार नाही, अशी त्यांची रचना होती. कंपनीने सहीचे काही फर्मवेअर पुढे दिले, परंतु वेग वाढवण्यास लागणारे दिले नाही. परिणामी ही कार्डे नूवोवर चालतात, परंतु संगणक सुरू होताना जो मंद वेग असतो त्याच वेगात अडकून पडतात. 2018 पासूनच्या कार्डांत वेगळा अंतर्गत प्रोसेसर आला आणि त्याच्या फर्मवेअरच्या आधारे जानेवारी 2024 च्या कर्नलपासून नूवोला वेगावर ताबा मिळू लागला. मधल्या काळातील कार्डांना ती वाट नाही. 2025 मध्ये कंपनीने जाहीर केले की, 580 ही ड्रायव्हरमालिका या मधल्या पिढ्यांसाठी शेवटची. म्हणजे बंद ड्रायव्हरची देखभाल संपणार, आणि मुक्त ड्रायव्हरला कुलपाची किल्ली नाही. 2002 चे रेडिऑन कार्ड सांभाळले जाते आणि त्याच्या बारा-चौदा वर्षांनंतर जन्मलेले कार्ड मोडीत निघण्याच्या वाटेवर आहे. दोहोंतील फरक यंत्राच्या ताकदीचा नाही. तो ज्ञान कोणाच्या ताब्यात आहे याचा आहे.

आता काळ्या पडद्यासमोर बसलेल्या कार्यकर्त्याने काय करावे, हेही सांगितले पाहिजे. कारण निदान सांगून औषध न देणारा वैद्य लोकांच्या उपयोगाचा नसतो. संगणक सुरू होताना ग्रबची यादी दिसते, तेथे ‘ई’ ही कळ दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द रोमन लिपीत जोडावा. त्यामुळे कर्नल कार्डाशी जास्त बोलावयास जात नाही आणि बहुधा साधा पडदा तरी उजळतो. हा तात्पुरता उपाय आहे. त्यानंतर टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘के’ या पर्यायासह द्यावी. कार्ड कोणते आणि त्यासाठी कोणता ड्रायव्हर चालू आहे, हे ती सांगते. कार्ड इंटेलचे वा एएमडीचे असेल तर निराळा ड्रायव्हर शोधत हिंडू नये. तो कर्नलमध्येच असतो. बहुधा फर्मवेअरचे पॅकेज तेवढे राहिलेले असते, किंवा कर्नल जुना असतो.

कार्ड एनव्हिडियाचे असेल तर प्रथम त्याची पिढी पाहावी. पिढी फार जुनी असेल आणि काम पत्रके, हिशेब, वाचन एवढेच असेल, तर नूवोवर समाधान मानावे, ते पुरते. बंद ड्रायव्हर घ्यावयाचाच असेल तर तो आपल्या वितरणाच्या भांडारातून घ्यावा, कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून हाताने बसवू नये. कर्नल अद्ययावत झाला की हा ड्रायव्हर त्याच्याशी पुन्हा जुळवून बांधावा लागतो. भांडारातील पॅकेज ते काम स्वतः करते, हाताने बसवलेले सहसा करत नाही, आणि मग एके दिवशी सकाळी काही न करताच पडदा काळा होतो. नूवो आणि बंद ड्रायव्हर एकाच कार्डावर एकाच वेळी नांदत नाहीत; म्हणून नूवोला काळ्या यादीत टाकावे लागते, आणि बंद ड्रायव्हर काढून टाकल्यावर ते नाव यादीतून वगळण्यास विसरू नये. सिक्युअर बूट चालू असेल तर बाहेरच्या ड्रायव्हरवर यंत्राच्या मालकाने स्वतःची सही नोंदवावी लागते. त्यासाठी पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येऊन परवलीचा शब्द विचारतो. घाईत तो ओलांडला की ड्रायव्हर बसूनही चालत नाही; निम्म्या तक्रारींचे मूळ या घाईत सापडेल, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती असेल, परंतु फार मोठी नसेल. शेवटी ‘जीएलएक्सइन्फो’ या आज्ञेने चित्र कोण रेखाटतो ते तपासावे. तेथे ‘एलएलव्हीएमपाइप’ असे नाव आले तर समजावे की कार्ड स्वस्थ बसले आहे आणि सारा भार बिचाऱ्या प्रोसेसरवर पडला आहे.

मे 2022 मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केला. त्याचे स्वागत झाले, आणि स्वागत करणे वावगे नव्हते. परंतु तो केवळ 2018 नंतरच्या कार्डांसाठी आहे. चित्र रेखाटणारा वरचा भाग बंदच राहिला, आणि पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेले पुष्कळसे काम कार्डातील बंद फर्मवेअरकडे गेले. सावकाराने दुकानाच्या फळ्या उघडल्या, परंतु खातेवही आतल्या खोलीत हलवली, असा हा प्रकार आहे. एएमडीच्या आणि इंटेलच्या कार्डांतही बंद फर्मवेअर असतेच, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून खुलेपणा ही एकदा मिळवून निश्चिंत होण्याची वस्तू नाही. सहकारी संस्थेची नोंदणी झाली म्हणजे सहकार आला असे होत नाही, हा अनुभव महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला वेगळा सांगावयास नको.

येथे काही साथी एक आक्षेप घेतील. ते म्हणतील, हे मुक्त काम तरी स्वयंसेवकांचे कोठे राहिले? इंटेल, एएमडी, रेड हॅट यांच्या पगारावरील अभियंतेच त्यातील मोठा भाग लिहितात. मग ही भांडवलदारांचीच आपसातील सोय नव्हे काय? या आक्षेपात तथ्यांश आहे. कंपन्या ज्ञान खुले करतात ते परोपकारबुद्धीने नव्हे. एनव्हिडियाचे उत्पन्न आज मुख्यतः प्रचंड डेटा सेंटरांतून येते, आणि तेथे लिनक्सच चालते; टेबलावरील संगणकाच्या मालकाने वर्षानुवर्षे केलेल्या विनवण्यांपेक्षा त्या बड्या गिऱ्हाइकांच्या सोयीला वजन अधिक असणार हे उघड आहे. परंतु एवढ्यावरून मुक्त परवान्याचे मोल कमी होत नाही. एकदा त्या परवान्याखाली आलेले ज्ञान परत खाजगी करता येत नाही. रस्ता कोणी का बांधेना, तो सार्वजनिक झाला की त्यावरून मजुराची सायकलही जाते.

या चळवळीच्या आत लोकशाहीचा जो व्यवहार चालतो, त्यापासूनही शिकण्यासारखे आहे. डेबियन हे वितरण शुद्धतेच्या आग्रहासाठी प्रसिद्ध आहे. बंद फर्मवेअर अधिकृत प्रतिष्ठापन-प्रतीत ठेवावयाचे नाही, हा त्याचा नियम होता. त्यामुळे नवख्या माणसाचे वायफाय चालत नसे, कित्येकदा पडदाही उजळत नसे. 2022 साली सभासदांनी यावर मतदान केले. शुद्ध राहून लोकांना दारातून परत पाठवावयाचे, की तडजोड मान्य करून ती तडजोड आहे असे स्पष्ट सांगावयाचे? बहुमत दुसऱ्या बाजूने पडले, आणि जून 2023 च्या डेबियन 12 पासून ते फर्मवेअर वेगळ्या नावाच्या कप्प्यात ठेवून सोबत देण्यात येऊ लागले. सत्ता आणि तत्त्व यांच्या ओढाताणीत वाढलेल्या समाजवाद्यांना या वादाचा सूर परका वाटणार नाही.

आणखी एक कठोर सत्य स्वतःकडे पाहून बोलले पाहिजे. मुक्त प्रणालीचे स्वातंत्र्य कागदावर सर्वांचे आहे. व्यवहारात ते ज्याला टर्मिनल येते आणि इंग्रजी येते त्याचे आहे. विद्या उघड्यावर ठेवली, पण ती वाचण्याची भाषा मूठभरांची राहिली, तर जुन्या पुरोहिताच्या जागी नवा पुरोहित येतो. डॉ. राममनोहर लोहियांनी लहान एककाच्या यंत्राचा आग्रह धरला आणि लोकभाषेचाही धरला. या दोन मागण्या अलग नव्हत्या, हे अशा वेळी उमगते. यंत्र लहान आहे, स्वस्त आहे, घरात आहे. परंतु त्याचा कारभार परभाषेत चालत असेल तर ते आपले होत नाही. केरळने या बाबतीत पाऊल उचलले. जुलै 2001 मध्ये तिरुवनंतपुरम येथे भारतातील मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानाची सुरुवात झाली, आणि त्याच दशकात आयटी@स्कूल प्रकल्पाद्वारे तेथील सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारली. शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले, आणि मल्याळममधून काम करण्याची सोय झाली. राजकीय इच्छाशक्ती असेल तर हे घडते.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, खरेदीची. केंद्र सरकारने 2015 साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारलेले आहे. नगरपालिका, जिल्हा परिषदा, ग्रंथालये संगणक घेतात तेव्हा ज्याचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आहे तेच कार्ड घ्यावे, अशी अट निविदेत घालण्याचा आग्रह सभासदांनी धरावा. दुसरी गोष्ट, दुरुस्तीची. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन कार्यकर्त्यांनी हे तंत्र शिकून घ्यावे आणि जुने संगणक चालते करून द्यावेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, नोंदींची. ज्याने काळा पडदा उजळवला त्याने कार्ड कोणते होते, काय केले, काय चुकले, हे साध्या मराठीत लिहून ठेवावे आणि दुसऱ्याला द्यावे. नूवोच्या कारागिरांना नोंदी पाठवणारे सामान्य वापरकर्ते यापेक्षा वेगळे काही करत नव्हते.

दुसऱ्या विद्यापीठातील त्या प्राध्यापकाने ज्ञान नाकारले, कारण त्याने सही करून दिली होती. कार्यकर्त्याने तशी सही कोणालाही करून दिलेली नाही. त्याला जे कळले ते त्याने सांगावे, एवढीच अपेक्षा आहे.